डावीकडचं मीटर

चहा ओतून घ्या आधी, मग सांगतो. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येच ठसका लागतो. माझ्या मूर्खपणाचा हा किस्सा मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगायची वेळच येत नाही, कारण मी तोंड उघडायच्या आधी आमची सौभाग्यवती सांगून मोकळी झालेली असते!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा एरंडोलला शाळेत विज्ञान शिकवत होतो. विज्ञान म्हणजे माझा जीव. गल्लीत कुणाचा रेडिओ खरखरला, कुणाचा पंखा अडला, की मी बोलावण्याची वाटसुद्धा बघायचो नाही. दुरुस्त व्हायचं नाही काही, पण कारण मात्र मी असं समजावून द्यायचो की माणूस नवीन पंखा घ्यायला राजीखुशीनं तयार व्हायचा.

आम्ही दगडूआबांच्या घरात नवेच भाडेकरू म्हणून आलो होतो. एकच लांब ओटा, त्यावर दोन दारं. डावं दार आमचं, उजवं हसनचाचांचं. चाचा शिंपी होते, घरातच त्यांचं दुकान. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. चाचा-चाची मुलाकडे सुरतेला गेले होते.

दोन दारांच्या मध्ये भिंतीवर लाकडी फळी आणि फळीवर शेजारी शेजारी दोन मीटर. राहायला आलो त्या दिवशी सुमननं, म्हणजे आमच्या सौ.नं, चुलीला, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि ताट घेऊन ओट्यावर आली.

"अहो, मीटरलाही वाहते. आपलं कुठलं?"

"डावं दार आपलं, तर डावं मीटर आपलं. विचारायचं काय त्यात?"

तेवढ्यात दगडूआबा काठी टेकत आले. "मास्तर, आयका ना, हाई मीटरनं जरा..."

"आबा," मी हसून म्हणालो, "मी विज्ञानाचा शिक्षक आहे. मीटरचं मला नका सांगू."

आबा आले तसे परत गेले. सुमननं डाव्या मीटरला दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू लावलं. लक्षात ठेवा हं हे!

आता खरी गंमत. तेव्हा ते बचतीचे बल्ब नुकतेच आले होते, वाकड्या नळ्यांचे, पांढरेशुभ्र. वीज थोडी, उजेड भरपूर! मी जळगावच्या दुकानात पाहिले आणि वेडाच झालो. एकाच्या किमतीत साधे पिवळे दिवे डझनानं आले असते. मी तीन घेतले. पैसे? सुमननं मिक्सरसाठी डब्यात ठेवलेले होते ना!

घरी आल्यावर काय झालं ते विचारू नका. ती पाट्यावर शेवभाजीचं वाटण वाटत होती. वरवंटा तसाच हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलं मागे सरकलो आणि म्हणालो, "सुमन, हे बल्ब म्हणजेच तुझा मिक्सर आहे. वीजबिलात जी बचत होईल, तिच्यातून मिक्सर येईल. माझा शब्द!"

"आणि नाही आला तर?"

"तर मी वाटण वाटीन!"

हे बोलून गेलो खरा. पाट्यावर एकदा बसून पाहिलंय तुम्ही? कंबर रजेचा अर्ज करते.

बल्ब लावले. बटण दाबलं की आधी दोनदा डोळे मिचकावायचे, मग पेटायचे. संध्याकाळी आबा ओट्यावर असले की दिव्याला हात जोडायचे. बल्ब मिचकावला, नमस्कार. पुन्हा मिचकावला, पुन्हा नमस्कार. पेटल्यावर तिसरा!

मी मात्र धावलो मीटरकडे. आणि काय पाहिलं असेल? मीटरची चकती जागची हलत नव्हती! तिच्यावरचा तो लाल ठिपका समोर तसाच उभा.

आनंदानं माझे डोळे भरून आले हो. खोटं नाही सांगत. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी सांगितली तशी घडली होती.

मग काय! वीज लागतच नाही म्हटल्यावर बल्ब विझवायचे कशाला? दिवसरात्र तिन्ही चालू. भर दुपारी उन्हाच्या तिरीपेत ओट्यावरचा बल्ब जळतोय आणि मी त्याखाली ऐटीत पेपर वाचतोय. पाणी तापवायचा हीटर आणला. रोज परीटघडीचे कपडे, इस्त्री घरी. पंखा तर आम्ही बाजारात गेलो तरी खोलीला वारा घालायचा.

सुमनला शंका आली. तिला आधी येते, मला नंतर येते, असं आमचं पहिल्यापासून आहे.

"अहो, बल्बचं समजलं. पण हीटर लावला तरी चकती हलत नाही, ते कसं?"

मास्तर कधी 'माहीत नाही' म्हणतो का? मी म्हणालो, "याला जडत्व म्हणतात. एकदा थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते. मीटरला आता थांबायची सवय लागलीय."

तिनं वरवंटा जरा जोरात आपटला.

इकडे गल्लीत माझा बोलबाला. लोक चकती बघायला यायचे. "ओ मास्तर, हाई ते हालतच नही!" मी मान तिरपी करून हसायचो. शेवटी एका रविवारी सकाळी मी हेडमास्तरांना, सगळ्या शिक्षकांना आणि गल्लीला ओट्यावर बोलावलं. प्रयोग दाखवतो म्हणालो. पंचवीस-तीस माणसं जमली. मी इस्त्रीचा सदरा घालून, हातात पट्टी घेऊन मीटरपाशी उभा राहिलो. सुमन आत बटणांपाशी.

"लाव!" मी ओरडलो. तीन बल्ब पेटले. पंखा फिरू लागला. चकती ढिम्म!

टाळ्या! हेडमास्तर चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले. "उद्या मीपण आणतो हे बल्ब," ते म्हणाले. मी पट्टी उंच धरून भाषणाला सुरुवात केली. ऊर्जा, बचत, उद्याचा भारत... मी रंगात आलो होतो. मागे कुणी टांग्यातून उतरलं, कुणी कुलूप उघडलं, मी कशाला बघतोय!

"मास्तर," कुणीतरी म्हणालं, "चकरी फिरी राह्यनी."

वळून बघतो तर काय, चकती फिरतेय! फिरतेय कसली, जत्रेतला पाळणा झाला होता तिचा.

"सुमन! बंद कर! सगळं बंद!"

सगळं बंद झालं. चकती आणखीच जोरात!

आता इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण समोर हेडमास्तर, हातात पट्टी, अंगात कडक इस्त्री! मी गरजलो, "चोरी! माझ्या लाइनवरून कुणीतरी वीज चोरतंय!"

गल्ली पांगली वायर शोधायला. मी स्वतः शेजारच्या दारात गेलो, कारण ते उघडं होतं आणि आत इस्त्री तापल्याचा वास येत होता. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पायजम्याचं कापड इस्त्री करत होते. हसनचाचा सुरतेहून पोचले होते, आणि गिऱ्हाईक ताटकळलं म्हणून आल्या आल्या कामाला लागले होते.

"तुम्ही माझ्या मीटरवर इस्त्री चालवताय!"

चाचांनी शांतपणे इस्त्री उभी केली. "इस्त्री मेरी, मीटर मेरा. आप कौन?"

ते बाहेर आले. मीटरपुढे उभे राहिले आणि बोटानं हळद पुसून बघितली. "और हमारे मीटर को हल्दी-कुंकू किसने लगाया, भई?"

मग काठी टेकत आबा पुढे आले.

"डावं मीटर चाचानं शे, उजवं तुम्हनं. मी त्याच दिन सांगाले येल व्हतू, पन तुम्ही आयकंच नही!"

"सुमनताई," ते पुढे म्हणाले, "बठ्ठं लावा बरं एकदाव."

तिनं बठ्ठं, म्हणजे सगळं लावलं. बल्ब, पंखा, इस्त्री, आणि तो हीटर! महिनाभर ज्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं ते उजवं मीटर असं भन्नाट सुटलं की हेडमास्तर मागे सरकले. आबांनी आकडा वाचला आणि कपाळावर हात मारला.

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. हसू झालं त्याचं काही नाही, पण एका भल्या माणसाला मी चारचौघांत चोर म्हणालो होतो. मी सर्वांसमोर हात जोडले. चाचांनी ते खाली घेतले आणि म्हणाले, "अरे, भाभीने महिनाभर हमारे मीटर की सेवा की. हमपर भी कुछ फर्ज बनता है."

त्या सोमवारपासून सुमनला चाचांकडून काजं-बटणांचं आणि साड्यांना फॉल लावायचं काम मिळू लागलं. मी रोज सकाळी शाळेआधी पाट्यावर बसत होतो. दिलेला शब्द होता. बल्ब मात्र बिचारे निर्दोष निघाले. गरजेपुरते लावू लागलो तसं बिल खरंच उतरलं. उधळ्या मीच होतो.

आणि सहा महिन्यांनी मिक्सर आला! सुमनच्या कमाईचा. मला कोण अभिमान! गल्लीत सगळ्यांना सांगून आलो. तिनं खोबरं-कांदा भांड्यात घातला, बटण फिरवलं, घर्रर्र आवाज झाला. मी धावत ओट्यावर गेलो, मीटरला डोळे लावले आणि आनंदानं ओरडलो,

"सुमन! अगं, मिक्सरपण बचतीचाच निघाला! चकती हलतसुद्धा नाही!"

आतून घरघर थांबली.

"अहो मास्तर," ती म्हणाली, "उजवीकडचं बघा!"