गुणाचं लेकरू

आजारी लेकरू कसं तपासायचं हे नर्सना शिकवणं माझं काम. लातूर सोडून नांदेडला येऊन बरीच वर्षं झाली, तरी मी घोकून घ्यायला लागले की त्या पाठीमागे म्हणतात, मॅडमचा लातूर पॅटर्न सुरू झाला. म्हणू देत बापड्या. धोक्याची चिन्हं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजेत. लेकरू पीत नाही, पोटातलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात, सुस्त पडून राहतं. एवढं पाठ नसेल तर बाकीचं शिकवणं पाण्यात.

त्या खेपेला उमरी, हिमायतनगर, हदगावकडच्या सिस्टर होत्या. वर्गात आम्ही आधी नाटक करतो. एक आई होते, एक नर्स, आणि कापडी बाहुली म्हणजे लेकरू. या बायकांची तऱ्हा अशी की कुणी न सांगता तिसरी उठायची, डोक्यावर पदर घेऊन आईला खेटून बसायची आणि सासू म्हणून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच द्यायची. वर्ग हसून हसून बेजार. मी मात्र चिडले. प्रश्न आईला विचारायचा असतो, सासूला नाही, असं सुनावलं. त्यावर हदगावकडची एक सिस्टर शांतपणे म्हणाली की सासूला बाजूला ठेवून सुनेशी बोललं तर आमच्याकडं लोक लेकरू घेऊन उठून जातील. तिचं खोटं नव्हतं. मी तास पुढे रेटला.

दुसऱ्या दिवशी सरावासाठी त्यांना एका तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाकं भरलेली, लेकरांनी दवाखाना डोक्यावर घेतलेला. सिस्टर हैराण झाल्या. श्वास मोजायचे तर लेकरू शांत हवं, हे मीच शिकवलेलं, आणि शांत लेकरू तर एकही नाही. तेवढ्यात त्या हदगावच्या सिस्टरला एक सापडलं. सहा-सात महिन्यांचा मुलगा, आजीच्या मांडीवर गप्प पडलेला. आई मागे भिंतीला टेकून, हातात पिशवी, डोक्यावर पदर.

मी पलीकडे एका रडक्याचा कान बघत होते. इकडचं बोलणं कानावर येत होतं. सिस्टर आजीला ताप किती, खोकला किती असं विचारत होती आणि आजी कौतुकानं सांगत होती, "लई गुणाचं लेकरू हाय बाई. सकाळधरून कुरकूर न्हाई." दोघी-तिघी सिस्टर भोवती जमल्या. त्याही म्हणाल्या, किती शहाणं आहे. लेकरू रडलं नाही की आपल्याकडे त्याला लगेच शहाणपणाचं सर्टिफिकेट मिळतं.

मी सहज वळून पाहिलं. त्याचा हात मांडीवरून खाली लोंबत होता. सिस्टरनं तो उचलून पोटावर ठेवला, तो पुन्हा तसाच घसरला. मी जाऊन त्याच्या तळपायावर टिचकी मारली. पाय आखडायला हवा होता, तो हललासुद्धा नाही. आजी म्हणाली, निजलंय, कशाला उठवता. मी तिला दोन मिनिटं गप्प बसायला सांगितलं. शब्द कडक होते आणि आवाजही चढला होता. मग मी भिंतीकडे वळून विचारलं, दूध कधी प्यायला?

त्या पोरीनं आधी सासूकडे पाहिलं. मी तिच्या आणि सासूच्या मध्ये उभी राहिले तेव्हा तिचं तोंड उघडलं.

"रातीपासून प्यालंच न्हाई. तोंडात देऊन राहिले, तर धरीना."

हदगावच्या सिस्टरनं लेकरू उचललं आणि ती वॉर्डाकडे पळाली. तिथल्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती फार खाली गेली होती. सलाइन लागलं, ऑक्सिजन लागला. वाचेल का, असं सिस्टरनं मला दोनदा विचारलं. मला ठाऊक नव्हतं आणि मी तसंच सांगितलं.

सासू वॉर्डाच्या दाराशी खाली बसली होती. बाई वाईट नव्हती हो. एसटीत तिनंच त्याला मांडीवर घेऊन आणलं होतं, आणि ते निजलंय म्हणून शेजारच्या बायकांना मोठ्यानं बोलूही दिलं नव्हतं. तिच्या मायेत काही कमी नव्हतं. याच गोष्टीची मला जास्त भीती वाटली.

सून खाटेशी उभी होती. आधी का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आत्याबाई बोलून राहिल्या होत्या. मधी कसं बोलायचं?" तिच्यावर मला धड रागावताही येईना. तीही घरात गुणाचीच म्हणवली जात असणार. चार जणींनी मिळून त्या लेकराची चौकशी केली होती, आणि ज्या एकीला माहीत होतं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी लेकरू कण्हलं, मग बारीक आवाजात रडलं. एवढ्यावर निश्चिंत होण्यासारखं नव्हतं, तरी हदगावची सिस्टर तोंडाला रुमाल लावून व्हरांड्यात गेली. मी तिच्यामागे गेले नाही. माझेही डोळे भरले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

सकाळी आम्ही राउंडला डॉक्टरांबरोबर गेलो. लेकरानं डोळे उघडले होते. खाटेपाशी सासूच पुढे उभी, म्हणून डॉक्टरांनी तिलाच विचारलं, रात्री किती वेळा प्यालं?

तिनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि ती बाजूला सरकली.

"तिला इचारा," ती म्हणाली. "तिला ठाव हाय."

सून पदराआडून काहीतरी पुटपुटली. कुणालाच ऐकू गेलं नाही. सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खास सासूच्याच आवाजात दरडावलं, "जरा जोरानं सांग की."