पान सांगा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी मी सरवदेबाईंचं नाव घेतो, आणि माझ्या आईला त्याचं वाईट वाटत नाही. बाई उमरग्यात एसटी स्टँडमागच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. पुस्तक परत करायला गेलं की त्या विचारत, कसं वाटलं? चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पुढचा प्रश्न ठरलेला असे.

“कुठल्या पानावर?”

दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं तावातावानं येऊन अमुक कादंबरी अश्लील आहे, पान चौऱ्याऐंशी, असं सांगितलं तेव्हा बाईंनी त्याला खुर्ची दिली. “तितक्या लांब गेलाव म्हणजे वाचलंय तुमी. आता भांडू,” म्हणाल्या. उलट एका निवृत्त गुरुजींनी एका ग्रंथाची तोंड भरून तारीफ केली आणि त्यांना एकही पान सांगता येईना, तेव्हा बाईंनी तो ग्रंथ पुन्हा त्यांच्याच पिशवीत घातला. वाचल्याशिवाय केलेली तारीफ आणि वाचल्याशिवाय दिलेली शिवी त्यांच्या लेखी एकच होती.

त्यांच्या टेबलाच्या पायाला सुतळीनं एक बोथट सुरी बांधलेली असे. त्या काळी काही पुस्तकांची पानं वरच्या कडेला न कापता तशीच जोडलेली येत. बाई ती स्वतः कधी कापत नसत. पहिला वाचेल त्यानं कापायची, असा वाचनालयाचा रिवाज त्यांनीच पाडला होता. नवं पुस्तक घेऊन सुरीनं पानं मोकळी करणं हा आम्हा पोरांना मोठा मान वाटायचा.

बाई सातवी पास. नवऱ्यामागं दोन लेकी वाढवत त्यांनी ग्रंथपालाचा छोटा वर्ग केला होता. घरात बुद्धाची तसबीर होती, देवदेवस्की, अंगारे, उतारे यांतलं काही त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. इंग्रजीबद्दल त्या स्पष्ट सांगत, “मला अक्षरं येतात, भाषा येत न्हाय.” इंग्रजी पुस्तकांची नावं मात्र दाखल वहीत त्या इतकी सुरेख लिहीत की छापल्यासारखी वाटावीत.

मी बी. ए. झालो, तोही इंग्रजी घेऊन, याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कौतुक होतं. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईवडिलांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. आमच्या घरात माझ्याआधी सही कुणाला येत नव्हती. बाईंनी मला कॉलेजची चारही वर्षं कोपऱ्यातलं टेबल दिलं, आणि तिथं दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवलं.

त्या सुमारास गावातले एक डॉक्टर दवाखाना आवरून सोलापूरला गेले आणि जाताना इंग्रजी पुस्तकांची एक पेटी वाचनालयाला देऊन गेले. त्यात हिरव्या कव्हरचं एक पुस्तक होतं. वर चंद्रकोर, खाली हात धरून गोल उभ्या बाया. विलायतेत आजच्या काळात शिकलेसवरलेले काही लोक स्वतःला चेटकीण, चेटक्या म्हणवून घेतात, जुन्या देवीची आणि ऋतूंची पूजा करतात, पुनवेला जमतात, त्यांच्या पंथाची ही माहिती होती. कुणीतरी ते चित्र पाहिलं, आणि वाचनालयात जादूटोण्याचं पुस्तक आलंय अशी बोंब झाली.

वाचनालयाच्या मंडळाचे अध्यक्ष गावातल्या सोसायटीचेही चेअरमन होते. पाऊस पुन्हा दोन वर्षं ओढ देत होता, सोसायटीत रोज कटकट, त्यात लोकांचं लक्ष वळवायला त्यांना हे आयतं मिळालं. ते वाचनालयात येऊन म्हणाले, “बाई, लेकीबाळी येतात हितं. हे चेटकाचं पुस्तक काढून टाका. न्हायतर तुमच्या जागी दुसरं माणूस बघावं लागंल.”

“काढते की,” बाई म्हणाल्या. “वाईट कुठल्या पानावर हाय, तेवढं सांगा. वहीत लिहावं लागतं.”

चेअरमनला इंग्रजी येत नव्हतं. मग असं ठरलं की मी ते वाचावं आणि रविवारी मंडळापुढं सांगावं, ठेवण्यासारखं आहे की नाही. बाहेर आल्यावर चेअरमननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सूतगिरणीतही त्यांचाच शब्द चालायचा. तिथं कारकुनाची जागा निघणार होती, मी अर्ज केला होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी बाप कसा आहे एवढंच विचारलं.

मी सुरुवातीची चाळीस पानं वाचली, शेवटची दोन वाचली. रविवारी उभा राहिलो आणि सांगितलं की पुस्तक निव्वळ अंधश्रद्धेचं आहे, वाचण्याजोगं नाही. चेअरमन मान डोलवू लागले. बाई मला अरेतुरे करत, पण त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा अहोजाहो केलं.

“सगळं वाचलंत तुम्ही?”

मी हो म्हणालो. त्यांनी पुस्तक उचललं, मध्यावर उघडलं आणि मंडळापुढं धरलं. एकशे बारा पानापुढची सोळा पानं, डॉक्टरांनीही न कापलेली, वरून जशीच्या तशी जोडलेली होती.

कुणी हसलं नाही, हे वाईट झालं. हसले असते तर सुटलो असतो. बाई चेअरमनना एवढंच म्हणाल्या की हा अभिप्राय वहीत धरता येत नाही, पोराला आठ दिवस द्या. मग त्यांनी टेबलाची सुतळी सोडली आणि सुरी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय रिकामं असताना मी त्यांच्यासमोर बसून ती पानं कापली आणि वाक्यावाक्याला मराठी करून त्यांना वाचून दाखवलं. त्यात लेखक एका खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला भेटतो. ती त्याला सांगते की तुम्ही आज हे नाव हौसेनं लावता, माझ्या आजीला ते गावानं लावलं होतं, आणि तिला घर सोडून जावं लागलं. या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नका.

बाईंनी मला तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. मग खिडकीकडं बघत बोलल्या.

“आमचं गाव माकणीकडं. बहात्तरला सगळ्या विहिरी आटल्या, आमच्या वस्तीची तेवढी राहिली. आईनं कुणाला न्हाय म्हटलं न्हाय, दाराशी आलेल्याला शेंदून दिलं. लोक पाणी प्याले अन् म्हणाले, म्हातारीनं करणी करून पाणी बांधलंय, चेटकीण हाय. दगड आले घरावर. मी तिला हिकडं आणलं. पुन्हा गाव दिसलं न्हाय तिला.” मग माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, “तिच्या बाबतीतबी कुणी पान विचारलं न्हवतं.”

चार वर्षं मी त्या प्रश्नाला बाईंची एक लकब समजत होतो.

पुढच्या रविवारी मी शब्दकोश झिजवून, कागदावर टिपून गेलो. पंथ हजारो वर्षांचा आहे हा दावा तिसऱ्या प्रकरणात आहे आणि त्याला पुरावा नाही. मंत्रानं दुखणी बरी झाल्याच्या हकिकती पान सत्तरपासून आहेत, लेखकानं त्या तपासलेल्या नाहीत. पण तो त्या लोकांत जाऊन बसला आहे, त्यांची पूजा, त्यांचे सण जसे आहेत तसे सांगतो, आणि जिथं ठाऊक नाही तिथं ठाऊक नाही म्हणतो. कुणाला दगड मारायला हे पुस्तक शिकवत नाही. पान एकशे अठरावर तर ते थेट आपल्याबद्दल बोलतं. “वाचण्याजोगं आहे,” मी म्हणालो. “सगळं पटण्याजोगं नाही.”

चेअरमननी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते म्हणाले की मत घेऊन टाकू, हात वर करा.

“जरा थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी देवघेवीची वही ओढली, पुस्तक माझ्या नावावर चढवलं, माझी सही घेतली आणि शिक्का मारला. “पुस्तक वाचकाकडं गेलंय. वाचकाकडं असलेलं पुस्तक रद्द करता येत न्हाय, नियम तुमच्याच सहीचा हाय. परत आलं की मत घ्या.”

मी ते परत केलं, पण बाईंच्या हातात. माझ्यामागं दवाखान्यातली नर्स रांगेत उभी होती, तिच्यामागं ट्रकच्या फाळक्यांवर नावं रंगवणारा पेंटर, ज्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि ज्यानं दर आठवड्याला सही करून ते पुस्तक महिनाभर सांभाळलं. कपाटात ते पुस्तक एक दिवस राहिलं नाही.

सूतगिरणीतली जागा मला मिळाली नाही. वर्षभरानं बाईंना वय झालं म्हणून घरी बसवलं, त्या वाशीला लेकीकडं गेल्या. निरोपाचा नारळसुद्धा मंडळानं दिला नाही. जाताना त्यांनी ती सुरी टेबलालाच बांधून ठेवली. मी पुढं एम. ए. केलं आणि दुसऱ्या जिल्ह्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो. तिथून त्यांना लिहिलेलं पत्र हे असं होतं.

“ती. बाईंना सा. न. वि. वि.

दिवाळीत उमरग्याला गेलो होतो. नव्या ग्रंथपालांनी सांगितलं की चेअरमननी ते हिरवं पुस्तक रद्द करा म्हणून दोनदा चिठ्ठी पाठवली, पण ते हाताशी येतच नाही. मी वही उघडून पाहिली. तुमच्यामागं अकरा सह्या झाल्या आहेत. पेंटरची तीनदा आहे. तो आता इंग्रजी अक्षरं शिकतोय.

या खेपेला ते मी माझ्या नावावर घेतलं आणि इकडं आणलं. वर्गातल्या एका मुलीला वाचायला दिलं. ती परवा येऊन फणकाऱ्यानं म्हणाली की सर, मला हे पुस्तक निम्मं पटलं नाही.

मी विचारलं, कुठल्या पानावर?

बाई, तिनं सात पानं सांगितली.

आपला,
विद्यार्थी”