राव्नाच्या खुणेची पाडसं

सव्विसाव्या वर्षी राव्ना सकाळी उठायची ती ओंडका उठावा तशी. आधी कूस, मग कोपर, मग तंबूचा खांब धरून उभी. इसातकाका, उत्तर ध्रुवाजवळ रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांतला, त्यांच्या कळपाचा म्होरक्या, सगळ्यांसमोर तिची चाल करून दाखवायचा आणि वर गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, पाठ दुखली की पडून राहावं, एवढं तर कुत्र्यालाही कळतं.

डॉक्टरीणबाईंनी नेमकं उलटं सांगितलं होतं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून मणक्याच्या सांध्यांवर उलटते आणि तिथे सूज धरते. पडून राहिलं की सांधे आखडतात, हललं की सैल होतात. तेव्हा रोज व्यायाम, पंधरवड्याला इंजेक्शन, आणि ते थंड जागी ठेवायचं.

थंड म्हटल्यावर काकानं ते मोठ्या मायेनं बाहेर, रेनडिअरच्या मांसाच्या पेटीत ठेवलं. ऑक्टोबरातल्या एका रात्रीत त्याचा दगड झाला. नर्स फोनवर म्हणाली, गोठलेलं टोचायचं नाही, नवीन चार दिवसांनी येईल.

आणि उन्हाळ्यात राहून गेलेल्या पाडसांच्या कानांवर मालकीच्या खुणा कापायच्या होत्या परवा. ज्याची खूण, त्यानंच सुरीनं कापायची. काका म्हणाला, यंदा तुझी खूण माझा माहते कापेल. ते ‘यंदा’ जन्मभर चालेल, हे राव्नाला ठाऊक होतं. चुलतभावानं एकदा कान कापले की तिचा कळप नावापुरता.

खुणांच्या दिवशी ती नेहमीपेक्षा दोन तास आधी उठली आणि हात फिरवत कुंपणाभोवती चालत सुटली.

"कुंपण कुठं पळून जात नाही, राव्ना," माहते चुलीपासून म्हणाला.

ती पुढच्या फेरीला लागली. श्वास चालण्यासाठीच हवा होता.

खुणा कापायला सुरुवात झाली. वाकणं जमणार नव्हतंच, म्हणून ती वाकलीच नाही. मान वळेना, तर अख्खी वळली. फास टाकला, पाडस ओढलं, ताठ पाठीनं गुडघ्यावर बसून ते मांड्यांत दाबलं. माहते सुरी काढून शेजारी येऊन उभा.

"म्यानात घाल ती," राव्ना म्हणाली.

दुपारपर्यंत कण्यात निखारे पेटले होते. पण तिचं एकही पाडस बिनखुणेचं राहिलं नाही. कापलेले कानाचे तुकडे तिनं मोजणीसाठी खिशात टाकले. काका त्या फुगलेल्या खिशाकडे बघत राहिला. कुणाची किती जनावरं, हे विचारायची सामींत रीत नाही. शेवटी म्हणाला, "आता तरी पडशील?"

"नाही काका. अजून एक चक्कर मारते. तू पड. माझी नक्कल करून करून कंबर दुखली असेल."