ताईंच्या पोवारी चिठ्ठ्या

गोंदियातल्या एका खासगी कॉलेजात मी सहा वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. लॅबमधली वीस आणि ऑफिसातली पाच मशीन, त्यांचं नेटवर्क, सगळ्यांचे पासवर्ड, सारं माझ्याकडे होतं. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावात कॉम्प्युटरची पदवी घेतलेला मी पहिलाच. घरी कोणी आलं की वडील सांगायचे, पोरगा कॉलेजात साहेब आहे.

२००५च्या सुमारास कोणीतरी विद्यापीठाकडे निनावी तक्रार केली. कॉलेजचे निम्मे शिक्षक फक्त कागदावर आहेत, असं त्यात लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. चौकशी समिती येऊन गेली. त्यानंतर आमच्या संस्थाचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना आम्ही सर म्हणायचो.

"ऑफिस में से ही कोई है," सर म्हणाले. "कोण काय लिहितो ते मला रोज पाहिजे. होईल ना तुझ्याकडून?"

होईल, असं मी लगेच म्हणालो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यात काही चुकीचं दिसलंच नाही. सरांनी माझ्यावर एवढा भरवसा टाकला याचंच अप्रूप होतं. नागपूरहून सीडी आणली आणि दाबलेलं प्रत्येक अक्षर गुपचूप फाईलीत उतरवणारं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या पाचही मशीनवर टाकलं. कोणाला पत्ता लागला नाही. रोज संध्याकाळी मी त्या फाईली काढून सरांना देऊ लागलो. एक जण दुसरीकडे अर्ज करत होता, एक जण बायकोच्या भावाला शिव्या लिहीत होता. पहिला आठवडा त्यांच्यासोबत चहा प्यायला नको वाटे. मग प्यायला लागलो.

ऑफिसात टायपिंग करणाऱ्या एक ताई होत्या. चाळिशीच्या, माझ्यासारख्याच पोवार समाजातल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांना ईमेल मीच शिकवला होता. जेवणाच्या सुट्टीत त्या दुर्गला राहणाऱ्या मोठ्या बहिणीला ईमेलवर चिठ्ठी लिहायच्या, आमच्या पोवारी बोलीत, पण इंग्रजी अक्षरांत. एक दिवस सरांनी ताईंच्या मशीनच्या फाईलीचे कागद माझ्यापुढे टाकले.

"ये कौनसी भाषा है? कोडवर्ड है क्या?"

"पोवारी आहे सर."

"तुला येते ना? मग वाच. नीट वाच."

ताईंचा पासवर्डही त्या फाईलीत आलेलाच होता. मी त्यांचं खातं उघडलं आणि दोघी बहिणींच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या वाचून काढल्या. पोवारी आमच्या घरात बोलली जाते, आई त्या भाषेत माझ्यावर ओरडते. त्यामुळे वाचताना कोणीतरी कानाशी बोलतंय असं वाटत होतं. ताईंच्या छातीत गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं. पण मुलीचं लग्न जुळून राहिलं होतं. मुलाकडच्यांना कळलं तर आईचा रोग मुलीलाही होईल म्हणून ते माघार घेतील, ही भीती. म्हणून लग्न होईपर्यंत नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. विद्यापीठाचा, तक्रारीचा एक शब्दही कुठे नव्हता.

मी सरांकडे गेलो. मला वाटलं, मी ताईंना वाचवतो आहे.

"त्यांनी काही केलेलं नाही सर. त्या आजारी आहेत हो." आणि मी सगळं सांगितलं. लग्नाचंही.

"म्हणून इतक्या सुट्ट्या," सर म्हणाले. मग म्हणाले, "बेचारी. उसको आराम करना चाहिए."

सरांनी ताईंच्या नवऱ्याला फोन केला. त्यांची ओळख होती. आवाजात खरंच काळजी होती, मी समोरच बसलो होतो. त्या महिन्याअखेरीस सरांनी ताईंना कामावरून घरी बसवलं. नवऱ्याकडून ते त्याच्या भावांना कळलं, भावांकडून मुलाकडच्यांना. लग्न मोडलं.

कामाच्या शेवटच्या दिवशी ताई लॅबमध्ये आल्या.

"भाऊ, मी कोनालेच नोहोतं सांगतलं. एका डाक्टरले अन् माह्या बहिनीले. मंग सरले कसं मालूम झालं?"

"मले काय मालूम ताई," मी म्हणालो. मी स्क्रीनकडे बघत होतो.

"माही बहीन तं कायले सांगन कोनाले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. जाताना ईमेलचा पासवर्ड बदलून मागितला. ऑफिसात जाऊन मी तो त्यांच्याच मशीनवर, त्यांच्यासमोर बदलून दिला. सॉफ्टवेअर तसंच चालू होतं.

वर्षभरानं कळलं की ऑपरेशन झालं, पण उशिरा, आणि नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलंय. माहेर दरेकसाच्या बाजूला. एका रविवारी मी पॅसेंजरने गेलो. स्टेशनावरून पायी गेलो. ताई ओट्यावर मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या, डोक्याला रुमाल. मला पाहून त्यांना आनंद झाला, हे सगळ्यात वाईट. त्यांच्या वहिनीने चहा आणला. वहिनी आत गेल्यावर मी सांगितलं, सॉफ्टवेअरचं, सरांचं, माझं.

त्यांनी निवडणं थांबवलं नाही.

"सारं वाचलं?"

"हो."

"माह्या बहिनीच्या चिठ्ठ्या बी?"

"हो ताई."

बहिणीने त्या चिठ्ठ्यांत आपल्या घरातलं बरंच काही लिहिलं होतं. नवऱ्याचं, मोठ्या मुलाचं. ते मला सगळं पाठ होतं, आणि ताईंनाही ते कळलं असावं.

"तिचं सरले सांगतलं काय?"

"नाही. तिचं नाही सांगितलं."

"मंग नोका सांगू. कोनाले बी. माहं तं झालं." मग म्हणाल्या, "काऊन आले तुम्ही? मी काही विचारत नोहोती. आता तिची चिठ्ठी वाचताना तुम्हीच आठवान मले."

मी चहा अर्धा सोडून उठलो.

सोमवारी मी सरांना सांगितलं, यापुढे मी कोणाचं वाचणार नाही. "मत पढ," सर म्हणाले. तक्रार करणारा तोवर सापडलाही होता. तो एक प्राध्यापकच होता, आणि त्याने ती पोस्टाने, हाताने लिहून पाठवली होती. मी पाचही मशीनवरचं ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. नोकरी मात्र सोडली नाही. सोडायला हवी होती, पण घरी काय सांगणार होतो?

धान कापणीच्या दिवसांत ताई गेल्या. कॉलेजात फोन आला. सरांनी मला बोलावून श्रद्धांजलीची नोटीस सांगितली, मी उभ्या उभ्या लिहून घेतली. संस्थेच्या माजी कर्मचारी, मनमिळाऊ, दीर्घ आजाराने. ती मी ताईंच्याच मशीनवर टाइप केली, प्रिंट काढली आणि बोर्डावर लावली.