येत नाही म्हणा

पहिलंच सांगून ठेवतो. भूतखेत, चकवा, अंगात येणं, असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अकोल्यात माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटार बंद पडली म्हणजे आत तार जळलेली असते, कोणी करणी केलेली नसते. या ग्रुपवरचे किस्से मी जेवता जेवता वाचायचो आणि खाली हसणाऱ्या स्मायली टाकायचो. आज तुम्ही टाका.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. डोकं पिकलं होतं, म्हणून दुकानाला दोन दिवस कुलूप लावलं आणि एकटाच कार घेऊन चिखलदऱ्याला निघालो. धबधबे पाहायचे, भुट्टे खायचे, कोणाशी बोलायचं नाही... अकोट, अंजनगाव करत परतवाड्यात पोचलो आणि गावाहून, शेंदूरजनाघाटहून, वहिनीचा फोन आला. माझा मोठा भाऊ, दादा, वर्षभर अंथरुणाला खिळलेला होता.

"भाऊजी, ह्यायचं आता काही खरं नाही. तुमचंच नाव घेऊन राह्यले. येऊन जा."

दादात आणि माझ्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. घरचा संत्र्याचा बगीचा. बहार धरायच्या आधी झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, तेव्हा फूल येतं. त्या हिवाळ्यात दादा लग्नाला नागपूरला गेला. जाताना बजावून गेला, "काही झालं तरी मोटार लावजो नको." पण झाडांची उतरलेली तोंडं माझ्याच्यानं पाहवली नाहीत. एक रात्र मोटार लावली. ताण मोडला, आणि त्या वर्षी झाडांवर फूल म्हणून दिसलं नाही. दादानं चारचौघांत सांगितलं, "याले बगीच्यात पाय ठेवू देऊ नका. याच्याहून बैल बरा." मीही त्याचाच भाऊ! म्हटलं, आता तू सोताहून बलावाले येशील तवाच येईन. आणि अकोला गाठलं.

वहिनीलाही तेच ऐकवलं. "त्याले तोंड नाही काय? सोता बलाव म्हणा."

"त्यायले उठता येत नाही हो भाऊजी..."

मी फोन कापला. गावचा रस्ता तिथूनच फुटतो. मी चिखलदऱ्याच्या घाटाला लागलो.

अकराच्या सुमारास एका पॉइंटवर गाडी लावली. समोर धबधबा, दरीत धुकं, फोनला रेंज नाही. चहाच्या टपरीवर एक कोरकू बाई होती. मी एक चहा मागितला तर तिनं विचारलं, "दोन करू ना? ते बाबा बी घेतील."

"कोन बाबा?"

"तुमच्या गाडीपाशी उभे हायेत ना. खांद्यावर लाल दुपट्टा, पायात काही नाही."

मी वळून पाहिलं. गाडीपाशी कोणी नव्हतं.

"म्हनते, गज्याले सांग, मी सोता बलावाले आलो. लय ताण झाला, मोटार लाव म्हना."

मला 'गज्या' जगात फक्त दादाच म्हणायचा. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त संताप आला. वाटलं, वहिनीनं कोणाला तरी पढवून ठेवलंय. मी चिखलदऱ्याला चाललोय हे मी तिला सांगितलंच नव्हतं, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. मी त्या रिकाम्या गाडीकडे तोंड करून ओरडलो, "येत नाही म्हणा त्याले! अकरा वर्सं झोपला होता काय?"

बाई गाडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गेले. असं बोलू नये भाऊ, जा ना."

मी गेलो नाही. मुद्दाम बसलो. भुट्टा खाल्ला, धबधब्याचे फोटो काढले. त्यातला एक सेल्फी अजून फोनमध्ये आहे. मी हसतोय त्यात. लाज वाटते.

चारला परतवाड्यात उतरलो तेव्हा रेंज आली. सगळे मिस्ड कॉल वहिनीचेच. दादा तीनला गेला होता.

दिवेलागणीला घरी पोचलो. खुंटीला दादाचा लाल दुपट्टा होता. वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "अकरा वाजता डोये उघडले. म्हने, गज्याले बलावाले गेल्तो, येत नाही म्हने. आता त्याले फोन करू नको. मंग बोललेच नाही."

तेरवीनंतर मी पुन्हा त्या पॉइंटवर गेलो. बाईनं ओळखलं. वहिनीला ती ओळखत नाही, शेंदूरजनाघाट कुठं आहे तेही तिला ठाऊक नाही. दादा वर्षभर दुसऱ्याच्या आधाराशिवाय संडासलाही जात नव्हता. कोणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा. आणि मला भास झाला असं लिहू नका. भास मला झालाच नाही, मला तर तो दिसलाही नाही.

सोता बलावाले ये, ही अट माझी होती. तो आला होता.