उखळावरची माझी अर्धी प्रार्थना

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला भिसेगावापर्यंत सोडायला आली आणि तिथूनच मागे फिरली. कर्जतचं स्टेशन समोर दिसत होतं. "पुढं तुझा आभाळातला बाप हाय. माझं भात कांडायचं पडलंय," म्हणाली. रडली नाही. मीही नाही. वळताना एवढंच बोलली, "कामाला हात लागला की तोंड उघडायचं गं. इसरू नको."

खालापूरच्या वाटेवरच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. आई लोकांचं भात कांडायची आणि मी तिच्यासमोर उभी असायचे. एका उखळात दोन मुसळं. एक वर गेलं की दुसरं खाली. ताल चुकला तर मुसळं एकमेकांवर आपटतात आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. आईने त्या तालालाच प्रार्थना बांधली होती. मुसळ टाकताना ती म्हणायची, "दाणा तुझा." माझं मुसळ पडताना मी म्हणायचे, "हात तुझे." मग गावातलं कोणी आजारी असलं की त्याचं नाव. ती म्हणायची, "गणूचा ताप," मी म्हणायचे, "उतरू दे." तांदूळ पांढरा होईपर्यंत आमचं असं चालायचं.

चर्चच्या पाळकसाहेबांना ते पसंत नव्हतं. प्रार्थना गुडघे टेकून करावी म्हणायचे. आईने त्यांना विचारलं होतं, "गुडघं टेकलं तर कांडायचं कुणी?" शेजारची काशीकाकू कुणब्याची. ती आमच्या ओट्यावर पाखडत बसायची आणि हसायची. "तुमचा देव बहिरा हाय का गं? किती येळा सांगता त्याला?" आई म्हणायची, "त्यो नाय बहिरा. आमीच इसराळू."

लढाईचे दिवस होते, हॉस्पिटलांना माणसं कमी पडत होती. चौथी झालेली, हाताला घट्टे पडलेली मुलगी मी, पुण्याच्या एका मिशन हॉस्पिटलात आया म्हणून लागले. वॉर्ड, ड्युटी, बेडपॅन हे शब्द लवकर आले. कामही आलं. आईचं सांगणं मी पाळत होते. फरशी पुसताना म्हणायचे, चादर बदलताना म्हणायचे. समोर दुसरं मुसळ नव्हतं, तरी माझ्या अर्ध्यानंतर सवयीने थांबायचे.

एका सकाळी ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्या बाईंचं अंग पुसत होते. "पाणी तुझं," म्हटलं आणि थांबले. "अंग तुझं," म्हटलं आणि थांबले. बाईंनी डोळे उघडले आणि हंबरडा फोडला. "अरे धावा! ही माझ्यावर शेवटची प्रार्थना म्हणतेय!" मुलगा धावत आला. सुना रडायला लागल्या. मेट्रनने मला वॉर्डच्या मधोमध उभं केलं आणि सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की इथे ड्युटी करायची, प्रार्थना चॅपेलमध्ये. माझ्या हातात ओला पंचा होता. त्याचं पाणी माझ्या पायांवर गळत होतं आणि सगळा वॉर्ड तिकडे बघत होता.

बाकीच्या आया माझ्यासारख्याच ख्रिस्ती. त्यांनी तर सोडलंच नाही. "काय गं पाळकीणबाई, आज कुणाला वर पाठवलंस?" महिनोन्‌महिने ते चाललं. त्या दिवसापासून कामावर माझं तोंड उघडलं नाही. चॅपेलमध्ये सगळ्यांबरोबर म्हणायचे. पण हातात काम आलं की ओठ मिटायचे आणि कान गरम व्हायचे.

नाताळला घरी गेले. नवं भात आलं होतं. आईने चहाआधी मुसळ हातात दिलं. "दाणा तुझा," ती म्हणाली. माझा शब्द बाहेर पडला नाही. ओट्यावर काशीकाकू बसली होती, तिच्यादेखत लाज वाटली. जिच्यादेखत मी लहानाची मोठी झाले, तिची लाज! "दाणा तुझा," आई पुन्हा म्हणाली. मी नुसतं मुसळ टाकलं, ते चुकीच्या वेळी. खाडकन आवाज झाला आणि तांदूळ अंगणभर उडाले.

"तोंड शिवून आलीस का गं?" आई म्हणाली.

मी झालं ते सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेईल. तिने विचारलं, "मग त्या बाईला सांगितलंस का, ह्ये जित्या माणसाचं हाय म्हनून?"

"नाय."

"आनि त्या दुसऱ्या पोरींना?"

"नाय."

आईने मुसळ पुन्हा उचललं. काशीकाकू उठली. "सर गं मडम, तांदळाची कणी करशील," म्हणत तिने माझ्या हातातलं मुसळ घेतलं. आई म्हणाली, "दाणा तुझा." काशीकाकूने मुसळ टाकलं आणि म्हणाली, "हात तुझे." एकदाही चुकली नाही. मी खाली बसून अंगणातले तांदूळ वेचत राहिले. वॉर्डमध्ये उभी केली होती तेव्हा लाज वाटली होती, पण ही लाज वेगळी होती. ती अजून गेलेली नाही.

आता त्या दोघी नाहीत. गिरणी आली, उखळ बुजवलं, वर फरशी बसली. आपल्या मंडळीतली, चर्चमधली मुलं रसायनीच्या कारखान्यात, मुंबईच्या ऑफिसात आहेत. कुणी तर दुबईला. फोनवर विचारतात, "आजी, कामावर प्रार्थनेला वेळ कुठून काढायचा?" वेळ काढू नका. हाताला जे काम असेल त्यालाच दोन शब्द बांधा. मनात म्हटले तरी चालतील, मी पुढे जन्मभर प्रत्येक खाटेशी मनातच म्हटले. पण शेजारी काम करणाऱ्याला एकदा सांगून ठेवा की हे जित्या माणसाचं आहे. मी सांगितलं नाही, आणि त्या वॉर्डात माझ्यापुढे दुसरं मुसळ कधी आलंच नाही.

पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये मी अजून पीठ मळते. "दाणा तुझा," म्हणते, पण आधी नळ सोडते, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. या वयात! घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगते. तिथे आता माझं कुणी नाही. पण तिथे नळ सोडावा लागत नव्हता.