सरोजबाईंचा नंबर

आमच्या नळावर देव जरी हंडा घेऊन आला ना, तरी मी त्याला सांगेन, बाबा, नंबर लाव. मानपाड्याला आमची चाळ, चाळीला एकच नळ, आणि पाणी सकाळीच येतं, तेही त्याच्या मर्जीने. नुसता हंडा ठेवून घरी जाऊन लोळायचं, हे माझ्यासमोर चालत नाही. हंड्यामागे माणूस उभं पाहिजे. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणोत! ही गोदूबाई नसती तर इथे रोज झिंज्या उपटल्या गेल्या असत्या.

तर अशा मला कुणी वरचढ भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटल्या. सरोजबाई. आमच्या इथल्या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शिकवतात, राहायला तिकडे ठाण्याला, टेंभी नाक्यावर. अंगाने एवढ्याशा, आवाज मऊ, पण वेळेचं विचारू नका. प्रार्थना सुरू झाली की शाळेचं गेट बंद. उशिरा आलेल्या पोरांनी बाहेर हात जोडून उभं राहायचं, प्रार्थना संपली की आत जायचं आणि बाईंना कारण सांगायचं. बाई ओरडत नाहीत, नुसतं ऐकून घेतात. पोरं म्हणतात, त्यापेक्षा दोन फटके परवडले.

गेल्या नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या गर्दीपायी रस्ते वळवलेले, बाईंची बस अडकली. पोचल्या तेव्हा आत प्रार्थना चालू. शिपाई जगन धावत आला, गेट उघडलं. "या ना, बाई."

"जगन, प्रार्थना चालू आहे ना? मग लाव गेट."

आणि उभ्या राहिल्या की पोरांच्या ओळीत, हात जोडून! चाळीत बायका हसून हसून बेजार. मी पण हसलेले. पण मनात म्हटलं, बाई खऱ्या आहेत.

आता कृतिकाचं सांगते. आमच्या शेजारच्या रंभाची पोर, सातवीत. रंभा कंपनीत पहिल्या पाळीला, अंधारातच निघते. बाप महेंद्र रात्री उशिरापर्यंत टेंपो चालवतो, तो सकाळी पडलेला असतो. मग पाणी कोण भरणार? कृतिका. तिला रोज उशीर, रोज गेटबाहेर. बाईंनी विचारलं, "का गं उशीर?"

पोर लाजरी. खाली बघून म्हणाली, "बाई, नंबर होता."

आता बाईंच्या घरी चावी फिरवली की पाणी. त्यांना नंबर म्हणजे एकच, चष्म्याचा! त्यांना वाटलं, पोरीला नीट दिसत नाही, चाचपडत येते बिचारी. "लांबचा की जवळचा?"

"लांबचा, बाई."

झालं! कृतिकाला पहिल्या बाकावर बसवलं, फळ्यावर टपोरी अक्षरं काढायला लागल्या. पुन्हा उशीर झाला की विचारायच्या, "वाढलाय का गं?" आणि ही येडी म्हणायची, "हो बाई, आज खूप वाढलेला." मोठ्या माणसाला चूक कशी दाखवायची, म्हणून गप्प.

इकडे उशिरापायी हेडमास्तरांनी महेंद्रला बोलावून घेतलं. त्याचा फेरा बुडाला, डोकं फिरलं. चाळीत येऊन ओरडला, "रोज बाहेरच उभी राहते तर शाळा हवी कशाला? दिवाळीनंतर घरीच राहू दे हिला." कृतिका हंडा धरून रडत होती.

मी त्याला सोडते होय! म्हटलं, "मेल्या, भिंतीवर बाबासाहेब लावलेस आणि पोरीची शाळा तोडतोस?"

तो म्हणाला, "मग मावशी, तुम्हीच घ्या ना तिला पुढे."

ते कसं जमणार? एकीला पुढे घेतलं की उद्या सगळ्या पुढे.

दोन-चार दिवसांनी सकाळी सकाळी सरोजबाई चाळीत हजर. महेंद्रला सांगायला आलेल्या, की पोरीचे डोळे तपासून घ्या. नळापाशी गर्दी बघून मधूनच वाट काढायला लागल्या. मी खेकसले, "ओ बाई! नंबर लावा!"

"कसला नंबर?"

"कसला म्हणजे? पाण्याचा!"

बाई जागच्या जागी थांबल्या. ओळीच्या शेपटाला कृतिका उभी, दप्तर पाठीवर, हंडा पायाशी. बाईंनी तिच्याकडे बघितलं, ओळीकडे बघितलं. आधी हसायला आलं त्यांना, मग डोळे भरले. "अगं, हा होय तुझा लांबचा नंबर!"

मग मला म्हणाल्या, "गोदूताई, हिला पुढे घेता येईल?"

"नाही. नियम म्हणजे नियम."

मला वाटलं आता भांडतील. नाही. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मीही गेट उघडत नाही. पण हंड्यामागे माणूस कुठलंही चालतं ना?"

"चालतं."

बाईंनी पदर खोचला. "कृतिका, पळ. प्रार्थना चुकवू नकोस." आणि पोरीच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. पाणी त्या दिवशी मुद्दाम छळायला करंगळीएवढं येत होतं. बाई ओळीसोबत सरकत राहिल्या. नंबर आला, हंडा भरला, रंभाच्या दारात नेऊन ठेवला आणि झपाझप निघाल्या.

मला राहवेना. माझा हंडा तसाच टाकला, जन्मात पहिल्यांदा, आणि मागे गेले. शाळेचं गेट बंद. आत प्रार्थना, त्यात कृतिकाही असणार. आणि बाहेर सरोजबाई, एकट्या, हात जोडून. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. रस्त्याने फेऱ्याला निघालेला महेंद्रचा टेंपो आला, करकचून थांबला.

"मावशी, बाई बाहेर का?"

"तुझ्या पोरीच्या जागी उभ्या आहेत. नळावर पण, आणि इथे पण."

त्याने इंजिन बंद केलं. टेंपो तिथेच उभा ठेवून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या, पदर खोचूनच. बघतात तर कृतिकाच्या हंड्यामागे महेंद्र, झोपेने डोळे लाल, बायकांच्या ओळीत मान खाली घालून. बायका खिदळतायत. मी म्हटलं, "लाजतोस काय रे, पाणी चावत नाही."

आणि बाईंना दरडावलं, "बाई, इथे तुमचा नंबर नाही. जा, गेट बंद होईल."

कोपऱ्यावर कृतिका दप्तर घेऊन थांबलेली. दोघी जवळजवळ धावतच गेल्या. थोड्या वेळाने शाळेच्या भोंग्यातून प्रार्थना ऐकू आली. महेंद्र तिकडे कान लावून उभा, हंडा भरून वाहतोय तरी त्याला भान नाही. पाणी फुकट जात होतं, आणि मी ओरडले नाही.